बिशप (कॅथलिक चर्च) : निवड, दीक्षा आणि कार्यकाळ

बिशप म्हणजे कॅथलिक चर्चमधील पुरोहितदीक्षेची सर्वांत वरची पायरी. खालच्या दोन पायऱ्या डीकन आणि धर्मगुरू यांच्या. बिशपचा आर्चबिशप किंवा कार्डिनल झाला तरी त्याला नवी दीक्षा मिळत नाही. दीक्षा एकदाच होते आणि ती पुसली जात नाही. धर्मप्रांतावरचा, म्हणजे बिशपकडे सोपवलेल्या चर्चच्या प्रदेशावरचा, अधिकार मात्र नेमणुकीने येतो आणि जातो. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय बिशपची कारकीर्द नीट समजत नाही.

या पदासाठी अर्ज करता येत नाही. लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य, परंपरेच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उमेदवार किमान ३५ वर्षांचा असावा, धर्मगुरू होऊन त्याला किमान ५ वर्षे झालेली असावीत, आणि बायबल, ईश्वरविद्या किंवा धर्मकायदा यांत त्याच्याकडे उच्च पदवी, निदान खरी जाणकारी असावी. एका महाप्रांतातले, म्हणजे शेजारच्या धर्मप्रांतांच्या गटातले, बिशप दर ३ वर्षांनी तरी लायक धर्मगुरूंची यादी गुप्तपणे करतात. जागा भरायची वेळ आली की पोपचा राजदूत, म्हणजे नुन्सिओ, चौकशी करून तीन नावे रोमला पाठवतो. या त्रयीला ‘तेर्ना’ म्हणतात. निर्णय पोपचा, तेर्नाचे बंधन त्याच्यावर नसते. निवडलेल्या धर्मगुरूची संमती आधी घेतली जाते आणि तो नकारही देऊ शकतो. पौर्वात्य परंपरेतील पॅट्रिआर्की चर्चेस (पॅट्रिआर्क हा प्रमुख असलेली कॅथलिक चर्चेस) आपल्या हद्दीतले बिशप स्वतःच्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, निवडतात.

नेमणुकीचे पत्र मिळाल्यापासून ३ महिन्यांत दीक्षा आणि ४ महिन्यांत धर्मप्रांताचा ताबा, अशी मुदत असते. आधीच बिशप असलेल्याला ताब्यासाठी २ महिनेच मिळतात.

दीक्षाविधीत मुख्य बिशपबरोबर आणखी किमान दोन बिशप असावेत असा नियम आहे. आधी पोपचे पत्र वाचले जाते, उमेदवार वचने देतो, मग तो जमिनीवर पालथा पडून राहतो आणि सभा संतांची आळवणी करते. त्यानंतर बिशप एकेक करून, एक शब्दही न बोलता, त्याच्या मस्तकावर हात ठेवतात. दोन डीकन उघडे शुभवर्तमान त्याच्या डोक्यावर धरतात आणि अभिषेकाची प्रार्थना होते. दीक्षा घडते ती हात ठेवणे आणि ही प्रार्थना यांनीच. १९४७ मध्ये पोप पायस बारावे यांनी हे निःसंदिग्ध केले. मस्तकाला क्रिझम हे पवित्र तेल लावणे, अंगठी, मायटर म्हणजे उंच टोपी आणि मेंढपाळाची काठी देणे हा त्याचा अर्थ उलगडणारा भाग आहे.

पोपच्या आज्ञापत्राविना दिलेली दीक्षा खरी ठरू शकते, पण ती बेकायदा असते. देणारा व घेणारा दोघेही आपोआप बहिष्कृत होतात. १९८८ मध्ये आर्चबिशप मार्सेल लेफेव्ह्र यांनी चौघांना अशी दीक्षा दिली होती.

प्रत्येक बिशप धर्मप्रांत चालवतोच असे नाही. साहाय्यक बिशप किंवा नुन्सिओला आता नामशेष झालेल्या एखाद्या जुन्या धर्मप्रांताची उपाधी देतात. सहबिशप म्हणजे कोअॅडज्युटर असेल, तर जागा रिकामी होताच तो आपोआप वारस होतो.

धर्मप्रांत सांभाळणाऱ्याने दर ५ वर्षांत सगळीकडे भेट द्यावी लागते, तेवढ्याच अंतराने रोमला अहवाल द्यावा लागतो, आणि रविवारी व मोठ्या सणांना आपल्या लोकांसाठी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, अर्पण करावी लागते. रजा वर्षाला एक महिना.

७५ वर्षे पूर्ण होताच राजीनामा द्यावा, अशी त्याला विनंती असते. पोपने तो स्वीकारेपर्यंत मात्र तो पदावरच राहतो. हा काळ कधी कधी बराच लांबतो. २०१६ पासून गंभीर निष्काळजीपणा, विशेषतः मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांतला, पदावरून दूर करण्याचे कारण स्पष्टपणे मानला जातो. जागा रिकामी झाली आणि रोमने दुसरी व्यवस्था केलेली नसली, तर धर्मप्रांतातील धर्मगुरूंचे सल्लागार मंडळ ८ दिवसांत प्रशासक निवडते. त्याला नवे पायंडे पाडता येत नाहीत. निवृत्त बिशप ‘एमेरिटस’ म्हणवला जातो. धर्मप्रांत त्याच्या हाती नसला तरी दीक्षेने तो बिशपच असतो.