जड पाणी आणि खराब पाणी: बर्लिनच्या नळाखाली धरलेला टीडीएस मीटर

बर्लिनला नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्या महिनाभरात हे हमखास होतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाला खरखरीत कड येते, अंघोळीनंतर केस राठ लागतात, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘इथलं पाणी खराब आहे.’ लगेच आरओची चौकशी सुरू होते. गेली नऊ वर्षं मी हे ऐकते आहे आणि दर वेळी एकच सांगते: पाणी जड (हार्ड) आहे, खराब नाही.

खराब पाणी कशाला म्हणतात ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यातला गढूळ नळ, तुरटी, उकळून गाळून भरलेली कळशी, घराघरात झालेली कावीळ हे सगळं आपण पाहिलेलं आहे. जड पाणी मात्र पुण्या-मुंबईच्या माणसाने फारसं अनुभवलेलं नसतं. खडकवासल्याचं किंवा भातसा-तानसाचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडून धरणात साठलेला पाऊस. खडकात मुरायला त्याला फारसा वेळच मिळत नाही, म्हणून ते मऊ. बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या लातूर-बीडच्या माणसाला ही किटली पाहून काहीच वाटत नाही.

बर्लिनचं सगळं पाणी भूजल आहे. शहरातली आणि लगतची नऊ जलकेंद्रं ते विहिरींतून उपसतात. त्यातलं बरंचसं श्प्रे आणि हाफेल या नद्यांच्या काठांतून वाळूत झिरपत आलेलं असतं. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या थरांतून जाताना त्यात चुना विरघळतो, म्हणजे कॅल्शियम आणि थोडं मॅग्नेशियम. जडपणा तो एवढाच. पाणी वर आलं की त्यात हवा खेळवतात, लोह आणि मँगनीज वाळूच्या गाळणीत अडकवतात आणि ते घरोघर सोडतात. एरवी क्लोरीन घालत नाहीत. आपल्या नाकाला क्लोरीनच्या वासाची सवय असते, त्यामुळे वास नाही याचीही काहींना शंका येते.

इथे जडपणा जर्मन अंशांत मोजतात. 14 च्या वर गेलं की पाणी जड, आणि बर्लिनमध्ये भागाप्रमाणे तो साधारण 14 ते 25 असतो. एक अंश म्हणजे लिटरमागे 17.8 मिलीग्रॅम चुना, त्यामुळे 18 अंशांचं पाणी आपल्या हिशेबात 320 च्या आसपास येतं. भारतीय मानकात 200 ही पसंतीची मर्यादा आहे, आणि दुसरी सोय नसेल तिथे 600 पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर जडपणाला आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही.

खरा गोंधळ होतो तो टीडीएस मीटरमुळे. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात एकूण किती मिलीग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा. पेनाएवढं ते यंत्र आरओ विकणाऱ्यांनी आपल्याकडे घरोघर पोचवलं, आणि त्याबरोबर एक समजूतही पोचवली: आकडा लहान तर पाणी चांगलं, मोठा तर वाईट. माझी मावशी गेल्या उन्हाळ्यात आली ती पर्समध्ये मीटर घेऊनच. स्वयंपाकघरातल्या नळाखाली तिने पेला धरला, मीटर बुडवला, आकडा आला 468. ‘अगं, पुण्यात आमच्याकडे शंभरसुद्धा येत नाही. हे पाणी पिता तुम्ही?’

मी तिला खाली कोपऱ्यावर नेलं. बर्लिनच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाचे जुने हातपंप आहेत, शहरभरात सुमारे दोन हजार. अडीनडीला पाणी मिळावं म्हणून ते जपलेत. बहुतेकांवर पाटी असते, ‘काइन ट्रिंकवासर’, पिण्याचं पाणी नाही. दांडा मारून आम्ही त्याच पेल्यात पाणी घेतलं आणि मीटर बुडवला. 491. नळ आणि पंप यांत 23 चा फरक, आणि तरी एक पाणी पिण्याचं, दुसरं नाही. मावशी बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिली.

मीटर खोटं बोलत नाही. त्याला जे कळतं तेवढंच तो सांगतो. त्याच्या टोकाला दोन तारा असतात. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचं, एका ठरावीक संख्येने गुणायचं आणि आकडा दाखवायचा, एवढंच त्याचं काम. वीज कशामुळे वाहली हे त्याला कळत नाही. चुना असो, मीठ असो, नायट्रेट असो, त्याच्या लेखी सगळं सारखंच. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात आकडा फुगतो त्यात मिठाचा वाटा मोठा असतो. इथे फुगतो तो मुख्यतः चुन्याने. जंतूंनी तर तो हलतही नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. तसलं दूषित पाणी कोणत्याही टीडीएस मीटरने ओळखता आलं नसतं. शिशाचं घ्या. इथे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ही शिशाची मर्यादा आहे. मीटर दाखवतो तो सर्वांत लहान आकडा एक मिलीग्रॅमचा, म्हणजे त्याच्या शंभरपट. दसपट विषारी पाण्यातही आकडा तसाच दिसेल.

मावशीने दुसऱ्या दिवशी पाणी सवयीने दहा मिनिटं खळखळ उकळलं, तर त्यात पांढरे कण तरंगू लागले. ‘बघ, घाण निघाली.’ ती घाण नव्हती. विरघळलेला चुना उष्णतेने वेगळा होऊन कणांच्या रूपात दिसायला लागतो, इतकंच. किटलीतला थर तोच. गंमत म्हणजे उकळून, निवळून वरचं पाणी घेतलं तर ते खरोखरच थोडं मऊ झालेलं असतं.

याच गोंधळाचं दुसरं टोक म्हणजे सॉफ्टनर. मिठाचा सॉफ्टनर बसवून लोक मीटर लावतात, आकडा तेवढाच दिसतो आणि म्हणतात, ‘फसवलं.’ फसवलेलं नसतं. सॉफ्टनर चुना काढून घेतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम देतो. 100 मिलीग्रॅम जडपणामागे 46 मिलीग्रॅम सोडियम. पाणी मऊ होतं, टीडीएस तिथेच राहतो. 320 चा सगळा जडपणा असा काढला तर लिटरमागे दीडशेच्या आसपास सोडियम येतं. ज्या घरात कोणाला रक्तदाब आहे तिथे मी असं पाणी पिण्यासाठी अजिबात सुचवणार नाही. सॉफ्टनर अंघोळीसाठी आणि यंत्रांसाठी ठीक. तो पाणी शुद्ध करत नाही, जंतू मारत नाही.

आरओ जडपणाही काढतो आणि टीडीएसही, हे खरं. पण काही पाणी मोरीत सोडून, चांगल्या पाण्यातला फुकटचा कॅल्शियम फेकून, वर भरपूर पैसे मोजून मिळवायचं काय, तर डाग नसलेली किटली. ती चमचाभर सायट्रिक आम्लाने दहा मिनिटांत साफ होते. आम्ल थंड पाण्यात घाला. गरम केलं की चुन्याचं न विरघळणारं सायट्रेट बनून ते आणखी चिकटतं.

जड पाण्याचे त्रास नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते स्वयंपाकघरातले आहेत. चहावर तपकिरी तवंग येतो. हरभरे आणि तूरडाळ हट्टाने शिजत नाहीत, कारण दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते खरी, पण चव जाते आणि बी-1 जीवनसत्त्वही. डाळ भिजवायला आणि शिजवायला मी फिल्टर बसवलेल्या जारमधलं किंवा उकळून निवळलेलं पाणी वापरते. त्या जारमधला फिल्टर मात्र वेळेवर बदला. महिनोन् महिने तोच ठेवला तर त्यात जंतू वाढतात, आणि मग चांगलं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने खराब करता.

इथे पाण्याच्या दर्जाची काळजी करायचीच असेल तर ती आपल्या इमारतीच्या नळ्यांची करा. जुन्या इमारतीत घर घेताना शिशाच्या नळ्या आहेत का हे घरमालकाला लेखी विचारा. त्या काढायला कायद्याने जानेवारी 2026 पर्यंतची मुदत दिली होती. शंका असेल तर प्रयोगशाळेत शिशाची तपासणी करून घ्या. चार तासांहून जास्त साचलेलं पाणी वाहू द्या, ते नळाशी गार लागायला लागलं की मग पेला भरा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी गरम पाण्याचा नळ वापरू नका. मावशी जाताना मीटर इथेच ठेवून गेली, तो आता तारेच्या घासणीशेजारी ड्रॉवरमध्ये पडून आहे.