३७८.८ मीटर म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झ

पुणे आकाशवाणीचा निवेदक एका दमात दोन आकडे सांगायचा: ३७८.८ मीटर म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झ. ऐकणाऱ्यांना ते पाठ असत. एकाच केंद्राचे दोन पत्ते कशाला, असं मात्र फारसं कुणी विचारत नसे.

मीटर म्हणजे लहरीची लांबी; किलोहर्ट्झ म्हणजे तिची वारंवारता, सेकंदाला किती हजार कंपनं ते. त्यातला मीटर जुना. १८८०च्या दशकाच्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ जर्मनीतल्या कार्ल्सरूहला विद्युतचुंबकीय लहरींचे प्रयोग करत होता, तेव्हा सेकंदाला होणारी कोट्यवधी कंपनं थेट मोजायचं साधन त्याच्यापाशी नव्हतं. त्यानं जस्ताच्या पत्र्यावर लहर आदळवून परत फिरवली आणि फट ठेवलेलं तारेचं एक कडं हातात धरून पुढेमागे सरकत राहिला. फटीत ठिणगी कुठे उमटते आणि कुठे विझते, ते बघायचं. विझण्याच्या लगतच्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लहर. लांबी मोजपट्टीनं मिळे, वारंवारता हिशेबानं काढावी लागे. रेडिओवाल्यांनी हीच सवय उचलली.

केंद्रं वाढली तशी पंचाईत झाली. दोन केंद्रं एकमेकांत मिसळू नयेत यासाठी त्यांच्या वारंवारतांत ठरावीक अंतर लागतं, आणि मीटरमध्ये ते सरळ दिसतच नाही. ५५८ आणि ५६७ किलोहर्ट्झमध्ये साडेआठ मीटरचा फरक पडतो. १०४४ आणि १०५३मध्ये जेमतेम अडीच मीटरचा. किलोहर्ट्झचं अंतर मात्र दोन्हीकडे ९च.

१९२७च्या जुलैत मुंबई केंद्र सुरू झालं. त्याच वर्षाअखेरीस वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं नियम केला: आधी सेकंदाला किती किलोसायकल, म्हणजे किती हजार कंपनं, ते लिहायचं, मीटर नंतर कंसात, तेही अंदाजे. रूपांतरासाठी ३,००,०००ला किलोसायकलनं भागायचं. पुण्याचे ३७८.८ याच भागाकारातून येतात. प्रकाशाचा काटेकोर वेग घेतला तर ३७८.५ निघतील, पण रेडिओची सुई हातानं फिरवणाऱ्याला तेवढ्यानं काय फरक पडतो!

सायकलचं हर्ट्झ होणं हे तर नुसतं बारसं. एक सायकल प्रतिसेकंद म्हणजे एक हर्ट्झ, गुणाकार-भागाकार काही नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं हे नाव १९३०मध्ये स्वीकारलं, १९६०मध्ये ते एसआय या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत आलं. तरी जुन्या संचांच्या तबकडीवर ‘केसी’ (किलोसायकल), ‘एमसी’ (मेगासायकल) बराच काळ टिकले.

७९२, ५५८, १०४४ या तिन्ही आकड्यांना ९नं भाग जातो, तो योगायोग नाही. १९७५च्या जिनिव्हा करारानं युरोप, आफ्रिका, आशियातल्या मध्यम लहरींची घरं ९-९ किलोहर्ट्झवर आखली. १९७८च्या नोव्हेंबरपासून ती लागू झाली. अमेरिकेत हेच अंतर १०चं आहे.

लघुलहरींवर मीटर पट्ट्याचं नाव म्हणून उरला. ४१ मीटर म्हटलं की ७.२ मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा समजायची. एफएमला मात्र त्याचा उपयोगच नव्हता. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आख्खा पट्टा ३.४ ते २.८ मीटरमध्ये मावतो. १०१ आणि १०१.१ वेगळे ओळखायचे, तर निवेदकाला २.९७० आणि २.९६७ असं वाचत बसावं लागलं असतं.