सोलापूरच्या संशोधकांसाठी जर्नल, आकडेवारी आणि महासंगणक : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास झाली, आरआरसीने म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीने विषय मान्य केला, नोंदणीपत्र हातात पडले, की खऱ्या अडचणी सुरू होतात. लेख उघडायला गेलो तर डॉलरमध्ये पैसे मागतात. सॉफ्टवेअरचा परवाना परवडत नाही. आकडेवारी कुठून आणायची हे नीट सांगणारे कोणी भेटत नाही. यातल्या बऱ्याच सुविधा सरकारने पैसे भरून आधीच आपल्यासाठी घेऊन ठेवल्या आहेत, फक्त अर्ज आपण करायचा असतो. मोठ्या संस्थांत ही माहिती सीनियरकडून ज्युनिअरकडे आपोआप जाते. बार्शी, सांगोला किंवा अक्कलकोटच्या कॉलेजातून एकट्याने काम करणाऱ्या संशोधकापर्यंत ती पोचत नाही आणि हक्काची गोष्ट न वापरता राहते, हे मला फार लागते. म्हणून ही माहिती ज्या क्रमाने उपयोगी पडते, त्या क्रमाने देत आहे.

सगळ्यात आधी संस्थेचा ई-मेल

जर्नल असो, सॉफ्टवेअर असो की महासंगणक, बहुतेक पोर्टल पहिल्यांदा एकच गोष्ट तपासतात : तुम्ही कोणत्या संस्थेचे? तुमच्या खाजगी जीमेलवरून ते कळत नाही, त्यामुळे अर्ज पडून राहतो किंवा परत येतो. म्हणून नोंदणी झाल्याच्या आठवड्यातच संस्थेच्या नावाचा ई-मेल मागा. विद्यापीठाच्या विभागात असाल तर विभागप्रमुखांमार्फत, संलग्न कॉलेजच्या संशोधन केंद्रात असाल तर प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा. सोबत पीएच.डी. नोंदणीपत्राची प्रत आणि ओळखपत्र जोडा. कॉलेजचे स्वतःचे डोमेन असेल तर ई-मेल तयार करायला पाच मिनिटे लागतात. नसेल, तर गाइडच्या संस्थात्मक ई-मेलवरून त्यांच्या नावाने अर्ज करून तुम्हाला सहवापरकर्ता म्हणून घालता येते का, हे त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची जगभर चालणारी ओळख. सोळा अंकी, मोफत, घरबसल्या मिळतो आणि कॉलेज बदलले तरी आयुष्यभर तोच राहतो. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांना माझा खास आग्रह आहे : ऑर्किडमध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही नावे नोंदवता येतात. पदव्युत्तर गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे असले की अर्ज अडतो. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र स्कॅन करून आधीच तयार ठेवा. काही पोर्टलवर आडनाव आधी आणि काहींवर शेवटी लिहायचे असते. ओळखपत्रावर जसे आहे तसेच भरा.

यानंतर एक फोल्डर तयार करा आणि ते मोबाईल व पेनड्राइव्ह दोन्हीकडे ठेवा. त्यात नोंदणीपत्र, चालू वर्षाचे बोनाफाईड, संस्थेच्या लेटरहेडवर गाइडची सही आणि तारीख असलेले शिफारसपत्र, आणि संशोधनाचा इंग्रजीतला एक पानी सारांश असावा. आधार मागितलेच तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या. शिफारसपत्र मोघम नको. 'यांना सहकार्य करावे' एवढेच लिहिलेले पत्र कुठेच चालत नाही. कोणती सुविधा, कशासाठी आणि कोणत्या कालावधीसाठी हवी, हे त्यात असलेच पाहिजे.

जर्नल : तुमचे कॉलेज कोणत्या योजनेत बसते?

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल असा तिचा आवाका आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था तिला पात्र आहेत. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र या व्याख्येत बसतात. विद्यार्थ्याने या योजनेसाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. संस्थेची नोंदणी संस्थेचा नोडल अधिकारी करतो आणि तुम्ही संस्थेच्या नेटवर्कवरून किंवा इन्फेड (इन्फ्लिबनेटची, संस्थेबाहेरूनही चालणारी) लॉगिनने लेख वाचता. घरून वाचायचे असेल तर ग्रंथालयात जाऊन इन्फेड खाते मागा. 

शहरातल्या आणि तालुक्यातल्या बऱ्याचशा कॉलेजांचे व्यवस्थापन खाजगी संस्थेकडे असते आणि अनुदान सरकारचे. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट ही सेवा आहे. तिची वर्गणी कॉलेज भरते आणि ग्रंथपाल प्रत्येक विद्यार्थ्याचे वैयक्तिक खाते उघडून देतात. वर्गणी भरलेली असूनही विद्यार्थ्यांची खाती उघडलेली नाहीत, असे होऊ शकते. ग्रंथपालांना एकदा थेट विचारा. दोन्ही योजनांबाहेरच्या कॉलेजात असाल, तर तुमची पीएच.डी. नोंदणी विद्यापीठाची आहे हे लक्षात घ्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागणारा अर्ज नोंदणीपत्रासह द्या.

आकडेवारी : इथे वेळ द्या

सोलापूरच्या समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्यच्या संशोधकांना सगळ्यात मोठा खजिना इथे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सर्वेक्षणांची घराघराच्या पातळीवरची, नावे-पत्ते काढलेली माहिती केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर मोफत मिळते. नाव, ई-मेल, संस्था भरून खाते उघडायचे, ई-मेल पडताळायचा, हवे ते सर्वेक्षण निवडायचे आणि वापराचा हेतू लिहायचा. माहिती देणाऱ्याची ओळख शोधून काढणार नाही, फाइल दुसऱ्याला देणार नाही आणि स्रोताचा उल्लेख करीन, या अटी मान्य कराव्या लागतात. हेतूच्या रकान्यात नुसते 'संशोधन' न लिहिता प्रबंधाचा विषय दोन ओळींत लिहा.

कोणते सर्वेक्षण घ्यायचे, हे विषयावर ठरते. विडी उद्योगाचेच बघा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याखाली नोंदलेले कारखाने वार्षिक उद्योग पाहणीत येतात. घरी बसून विड्या वळणारी बाई मात्र त्यात सापडणार नाही, ती श्रमशक्ती सर्वेक्षणात घरच्या सदस्यांमध्ये सापडेल. चादर-टॉवेलचा घरगुती यंत्रमाग असंघटित उपक्रमांच्या सर्वेक्षणात शोधावा लागतो. एकच सर्वेक्षण घेऊन 'सोलापूरचा विडी उद्योग' असे शीर्षक दिले, तर अर्धे चित्र सुटते आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमका तोच प्रश्न येतो.

यातली मोठी अडचण जिल्ह्याच्या आकड्याची आहे. या सर्वेक्षणांचे नमुने अनेक वर्षे राज्य आणि विभाग यांचा अंदाज देण्यासाठी आखले जात होते. महाराष्ट्राच्या विभागणीत सोलापूर हे पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली आणि कोल्हापूर यांच्यासोबत 'इनलँड वेस्टर्न' विभागात येते. जुन्या फाइलमध्ये जिल्ह्याचा कोड दिसतो आणि तो लावून सोलापूरचा आकडा काढावासा वाटतो, पण तितक्या थोड्या कुटुंबांवरून जिल्ह्याचे चित्र विश्वासार्ह ठरत नाही. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या रचनेत जिल्हा हा मूळ घटक धरला आहे, त्यामुळे पुढच्या काळात काम सोपे होईल. तोवर जुन्या फेऱ्यांतून विभागाचाच आकडा द्या आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहा. आणखी एक : प्रत्येक नोंदीसोबत मल्टिप्लायर, म्हणजे ती नोंद किती कुटुंबांच्या किंवा माणसांच्या वतीने आहे ते सांगणारा भार असतो. तो न लावता काढलेली टक्केवारी चुकीची ठरते. फाइल उतरवताना तिच्यासोबतची लेआउट फाइल आणि सूचनापुस्तिका न विसरता घ्या, कारण बऱ्याच फाइल नुसत्या अंकांच्या लांबलचक ओळी असतात आणि कोणता अंक कशाचा हे लेआउटमध्येच कळते.

गावनिहाय माहिती हवी असेल तर जनगणनेचे तक्ते घ्या, त्याला अर्ज लागत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. गाववार साक्षरता, काम करणारे, अनुसूचित जाती-जमाती हे सगळे त्यात आहे. आकडे जुने झालेत, तरी गावपातळीवर नमुना निवडायला अजूनही त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

दुष्काळ, डाळिंब, ऊस किंवा उजनीवर काम करणाऱ्यांसाठी दोन ठिकाणे आहेत. पुण्याच्या हवामान विभागाकडून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची ०.२५ अंशांच्या चौकटींतली माहिती मोफत उतरवता येते. एक चौकट साधारण २७ किलोमीटर बाजूची असल्याने तालुक्याचा कल कळतो, एका गावाचा पाऊस कळत नाही. विशिष्ट केंद्राच्या नोंदी हव्या असतील तर विभागाच्या डेटा सप्लाय पोर्टलवर अर्ज करा. तिथे संस्थाप्रमुखांचे पत्र आणि माहिती फक्त अभ्यासासाठी वापरण्याचे हमीपत्र तयार ठेवा. विद्यार्थी म्हणून सवलत मागायची असेल तर हीच कागदे लागतात. पिकांचे नकाशे काढायचे असतील तर सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर स्पष्टतेची चित्रे कोपर्निकस पोर्टलवर साध्या नोंदणीने मिळतात आणि भारतीय उपग्रहांची चित्रे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर.

सॉफ्टवेअर आणि महासंगणक

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या संशोधकांनी आय-स्टेम पोर्टलवर खाते उघडावे. देशभरातल्या सरकारी निधीतून घेतलेल्या उपकरणांची यादी तिथे आहे. हवे ते उपकरण निवडून वेळ मागता येते, आणि शैक्षणिक वापराचे दर उद्योगांपेक्षा कमी असतात. कॉमसोलसारखे संगणकावर प्रयोगाची नक्कल करणारे महागडे सॉफ्टवेअरही नोंदणीकृत शैक्षणिक वापरकर्त्यांना त्यावरून मोफत वापरता आले आहे. नमुना पाठवण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाशी ई-मेलवर बोलून घ्या, म्हणजे नमुना कसा तयार करायचा हे कळेल आणि फेरी वाया जाणार नाही.

महासंगणक २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मोहिमेतून उभे राहिले आहेत. आपल्याला जवळचे म्हणजे पुणे : सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा परम सिद्धी-एआय, आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचा परम ब्रह्म आणि जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राचा परम रुद्र. खाते गाइडच्या नावाने मागायचे, विद्यार्थी त्याखाली येतो. फॉर्ममध्ये कोणते सॉफ्टवेअर, किती कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग), किती तास आणि किती साठवण लागेल हे विचारतात. इथे 'जास्तीत जास्त' असे लिहू नका. आपल्या विभागातल्या संगणकावर छोटे गणित चालवून त्याला किती वेळ लागला ते मोजा आणि त्यावरून हिशेब मांडा. असा हिशेब जोडलेल्या अर्जाचे वजन वाढते. बाहेरच्या संस्थांना काही केंद्रे शुल्क लावतात, म्हणून दरपत्रक आधी मागवा. काम रांगेत लावण्यासाठी तिथे स्लर्म नावाचे सॉफ्टवेअर वापरतात, ते आणि लिनक्सच्या मूळ आज्ञा आधीच शिकून घ्या. एआयसाठी जीपीयू (एआयची गणिते झटपट करणारे खास प्रोसेसर) हवे असतील तर मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनच्या पोर्टलवर विद्यार्थी आणि संशोधकही अर्ज करू शकतात. पात्र कामाच्या खर्चातला ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकार उचलते.

प्रशिक्षण

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्स, लेटेक (प्रबंध टाइप करून मांडण्याचे सॉफ्टवेअर), लिबरऑफिस अशा विषयांचे बरेच धडे मराठी आवाजात आहेत, आणि बघायला मोफत आहेत. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. प्रमाणपत्र हवे असेल तर स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा एनपीटेलचा (आयआयटींच्या उपक्रमाचा) कोर्स घ्या. नोंदणी मोफत, परीक्षेचे शुल्क वेगळे. अंतिम गुणांत स्वाध्यायांचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५ टक्के धरतात. उत्तीर्ण व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. कोर्सवर्कचे क्रेडिट म्हणून तो चालेल का, हे परीक्षेचे पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून लेखी घ्या.

स्वतः माहिती गोळा करणार असाल तर

कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत किंवा सोलापूर शहराच्या पूर्व भागात मुलाखती घ्यायच्या म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळेच लागते. कोबोटूलबॉक्स या मोबाईलवर माहिती गोळा करण्याच्या साधनात एकच प्रश्नावली अनेक भाषांत ठेवता येते आणि नेट नसतानाही मोबाईलवर भरता येते. पण त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. अर्जासोबत प्रश्नावली, उत्तर देणाऱ्याच्या भाषेतले संमतीपत्र, आणि माहिती कुठे व किती काळ ठेवणार याची नोंद लागते. वाचता न येणाऱ्या बाईला संमतीपत्र वाचून दाखवणे आणि साक्षीदाराची सही घेणे, यात कसूर नको. ती तिच्या मजुरीची, आजारपणाची गोष्ट विश्वासाने सांगत असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, मात्र त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेले निकष पाळायचे, ही त्याची अट आहे. वैद्यकीय चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी लागते. ती मागाहून करता येत नाही.

प्रबंध देण्याआधी

साम्य तपासणीसाठी, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो हे बघण्यासाठी, इन्फ्लिबनेटची शोधशुद्धी सेवा आहे. तिचे खाते विद्यापीठाच्या समन्वयकामार्फत चालते, म्हणून बाहेरच्या दुकानात प्रबंध देऊन पैसे घालवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावे लागते, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द होते. मसुदा शेवटच्या आठवड्यात न देता एकेक प्रकरण तयार होईल तसे तपासून घ्या. नोंदणी संपली की संस्थेचा ई-मेल, जर्नलचे लॉगिन आणि महासंगणकावरचे खाते बंद होऊ शकते. म्हणून प्रबंध सादर करायच्या महिन्यात सगळ्या फाइल, कोड आणि नोंदी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि ऑर्किड खात्यात खाजगी ई-मेलही जोडून ठेवा.