मराठी न्यूज पोर्टलवरचं नेत्यांचं फ्रेमिंग

फ्रेमिंग म्हणजे घडलेल्या गोष्टीतला कुठला तुकडा पुढे आणायचा आणि त्याला कुठला शब्द चिकटवायचा याची निवड. रॉबर्ट एंटमन या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये साधारण अशीच व्याख्या केली. बातमीतली माहिती शंभर टक्के खरी असूनही फ्रेम एका बाजूला झुकलेली असू शकते.

मराठी पोर्टलवर हे काम बहुतेक वेळा हेडिंगमधलं क्रियापदच करतं. इथे नेता नुसतं काही "म्हणत" नाही, तो बरसतो, घणाघात करतो, खोचक टोला लगावतो, आणि बोललाच नाही तर त्याचं "सूचक मौन" असतं. "एका वाक्यात विषय संपवला" हा तर हमखास प्रकार, ते वाक्य काय होतं ते मात्र दोन-तीन जाहिराती ओलांडून चौथ्या पॅऱ्यात सापडतं. नेता लोकप्रिय असला की त्याने उत्तर टाळलं तरी ती "गुगली" ठरते, दुसऱ्या कोणी तेच केलं तर "भूमिका गुलदस्त्यात". साहेब, दादा, ताई, भाऊ ही नावंही हेडिंगमध्ये अशीच शिरली, लोक सर्चला तेच टाइप करतात म्हणून सोयीचंही पडतं, पण एकदा "दादा" म्हटलं की मग बातमी घरातल्या माणसाची वाटायला लागते.

सगळ्यात भारी उदाहरण "पहाटेचा शपथविधी". २३ नोव्हेंबर २०१९ ला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली ती सकाळी आठच्या सुमारास, म्हणजे चांगलं उजाडलेलं होतं. राष्ट्रपती राजवट उठवल्याचा आदेश पावणेसहाच्या आसपासचा, ती पहाट म्हणता येईल. पण "पहाट" या शब्दात चोरीछुपे केल्याचा वास आहे, तो लोकांना पटला आणि मग तेच नाव कायमचं चिकटलं.

त्याच्या महिनाभर आधी, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात शरद पवारांची पावसातली सभा झाली. वय ७८, अंगावर धो धो पाऊस, भाषण चालूच, मतदान तीन दिवसांवर. फोटो रातोरात सगळीकडे फिरला आणि "लढवय्या" ही फ्रेम पक्की झाली. त्या भाषणात लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली अशी कबुलीही होती, जी माझ्या मते पावसापेक्षा मोठी बातमी. पण फोटोत पाऊस दिसतो, कबुली कशी दिसणार!

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले तेव्हा तर शब्दांचीच ओढाताण झाली. त्यांच्या बाजूचे लोक म्हणायचे "उठाव", ठाकरेंकडचे "गद्दारी", पोर्टलवर जास्त करून "बंड". "शिंदे गट" हे नावही तसंच, १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला तरी बऱ्याच हेडिंगमधून "गट" काही लगेच गेला नाही.

राज ठाकरेंच्या बाबतीत फ्रेम सभेच्या आदल्या दिवशीच तयार असते: "तोफ धडाडणार". २०१९ च्या लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता, तरी "लाव रे तो व्हिडिओ" वर सभेआधी, लाइव्ह, नंतर मुद्दे आणि मग विरोधकांच्या प्रतिक्रिया अशा एकेका सभेच्या चार-पाच बातम्या निघत होत्या.