‘आढावा घेतला आहे’ हे प्रतिपादन नव्हे

एम.ए.च्या निबंधांचा गठ्ठा हाती आला की पहिल्याच पानावर हे वाक्य भेटतं: ‘प्रस्तुत निबंधात रोजगार हमी योजनेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.’ तुझं प्रतिपादन कुठलं, असं विचारलं की मुलं याच वाक्यावर बोट ठेवतात.

विषय आणि प्रतिपादन वेगळे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘१९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी’ हा विषय, पुढे चला. गृहीतक तपासायला निघण्याआधी मांडतात, प्रतिपादन तपासून झाल्यावर. तेही फारसं कुणाला अडत नाही.

खरी गफलत होते ती उद्दिष्ट आणि प्रतिपादन यांत. आढाव्याचं वाक्य तुम्ही काय करणार ते सांगतं. प्रतिपादन सांगतं की एवढं वाचल्यावर तुम्ही काय म्हणता. आढाव्याच्या वाक्याशी कुणी वाद घालू शकत नाही, कारण त्यात वाद घालण्याजोगं काही नसतंच.

हे समजावलं की मुलं वाक्य बदलतात आणि वेगळीकडे फसतात. ‘योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला.’ खरं आहे, पण ही नोंद झाली. नाहीतर मग ‘योजनेचे ग्रामीण जीवनावर दूरगामी परिणाम झाले.’ ‘दूरगामी’ हा शब्द मी दिसेल तिथे खोडते. कुठले परिणाम, कुणावर, हे सांगायचं राहूनच जातं आणि लिहिणाऱ्याला मात्र सांगून झाल्यासारखं वाटतं.

आता हे वाचा: ‘दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळापासून निघत होती, पण दुष्काळ सरला की ती बंद पडत. रोजगार हमी मात्र टिकली, कारण १९७५च्या कायद्याने व्यवसाय कर लावून तिच्यासाठी पैशाची कायमची सोय केली.’

यावर कुणी म्हणेल, पैशामुळे नव्हे, मजुरांच्या मोर्चांमुळे टिकली. कुणी म्हणेल, कामांतून झालेल्या रस्त्यांचा आणि बंधाऱ्यांचा लाभ मोठ्या शेतकऱ्यांना मिळत होता, म्हणून राज्यकर्त्यांनी ती चालू ठेवली. या दोघांना उत्तर द्यायचं तर पुरावा काढावाच लागतो. वाक्यात ‘कारण’ आलं की ही जबाबदारी आपोआप अंगावर येते, म्हणून मला ‘कारण’ असलेलं वाक्य हवं असतं. दोन वाक्यं लागली तरी चालतील, पण पहिला परिच्छेद संपायच्या आत यायला हवीत. ‘प्रयत्न केला आहे’ ही नम्रता तिथे नको.

वरची दोन वाक्यं एका विद्यार्थिनीची. तिच्याही कच्च्या खर्ड्यात ‘आढावा’च होता. मी विचारलं, ‘दुष्काळ संपला तरी योजना का नाही संपली?’ ती पटकन म्हणाली, ‘मॅडम, बाबांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो यासाठीच तर आला.’ तेच लिही, म्हटलं. पुढच्या खर्ड्यात पर्जन्यमानाच्या तक्त्यांची दोन पानं तिने स्वतःहून काढून टाकली होती आणि तळटिपेत पडलेला व्यवसाय कर वर, मजकुरात आला होता.