सोलापूरचा टॉवेल, कराचीचा टॉवेल आणि कस्टमचा काटा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत विणलेला टेरी टॉवेल आणि कराचीत विणलेला टॉवेल शेजारी ठेवले, तर युरोपातल्या गिऱ्हाइकाला फरक कळेलच असं नाही. तिथल्या कस्टमला मात्र लगेच कळतो. जानेवारी 2014 पासून पाकिस्तानी टॉवेल युरोपीय संघात शून्य शुल्कानं उतरू लागला. तेव्हा आपल्या टॉवेलला 9.6 टक्के भरावे लागत. 12 टक्क्यांच्या सर्वसाधारण दरापेक्षा कमी, म्हणजे म्हणायला सवलत आपल्यालाही होती. पण शेजाऱ्याला शून्य असेल तर आपल्या सवलतीला काय चाटायचं? टॉवेलच्या धंद्यात एवढ्या फरकावर ऑर्डर फिरते.

या सवलतींची सुरुवात आपल्याच दिल्लीतली. 1968 साली अंक्टाडची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेची, दुसरी बैठक तिथं भरली. विकसनशील देशांचा माल श्रीमंत देशांनी, बदल्यात काही न मागता, कमी शुल्कात घ्यावा, हे तत्त्व तिथं मान्य झालं. युरोपनं 1971 मध्ये आणि अमेरिकेनं 1976 मध्ये योजना सुरू केली. अमेरिकेनं मात्र बहुतेक कापड आणि कपडे यादीबाहेरच ठेवले. गरीब देश ज्या मालात खरोखर टक्कर देऊ शकतात, नेमका तोच! जून 2019 मध्ये अमेरिकेनं भारताची सवलत काढली, तेव्हा म्हणूनच टॉवेलवाल्यांचं त्यात जाण्यासारखं काही नव्हतं.

शुल्काच्या जोडीला कोटा होताच. 1974 ते 2004 या काळात कुठल्या देशानं किती नग पाठवायचे, हे मल्टी फायबर करारानं आणि शेवटची दहा वर्षं त्याच्या जागी आलेल्या करारानं बांधलेलं होतं. बांगलादेशचा तयार कपड्यांचा धंदा याच कोट्यानं उभा केला, हे थोडं गमतीचं आहे. दक्षिण कोरियाचा कोटा अपुरा पडायला लागला, म्हणून तिथल्या देवू कंपनीनं 1970 च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशातल्या देश गारमेंट्सशी करार केला आणि सव्वाशेच्या वर माणसं कोरियात नेऊन शिकवली.

पुढं 2001 मध्ये युरोपनं सर्वांत गरीब देशांना शस्त्रं सोडून सगळ्याच मालावर शून्य शुल्क दिलं. त्यातही मेख होती. सूत बाहेरचं चालेल, पण कापड विणणं आणि शिवणं दोन्ही त्याच देशात झालं पाहिजे. बांगलादेशात टी-शर्टचं होजिअरी कापड घरचंच होतं, त्यामुळे ते सहज बसलं. शर्टाचं कापड चीन आणि भारतातून यायचं, त्यामुळे शर्ट अडकला. 2011 मध्ये युरोपनं नियम सैल केला आणि नुसती शिलाई पुरेशी ठरली. अमेरिकेनं 2000 च्या आफ्रिका कायद्यात लेसोथो, केनियासारख्या देशांना परक्या कापडाची मुभा आधीच दिली होती. बांगलादेशी शर्टाला मात्र अमेरिकेत पूर्ण शुल्क लागत राहिलं. एकच शर्ट, पण हॅम्बुर्गला त्याचा हिशेब वेगळा आणि न्यूयॉर्कला वेगळा.

दिलेली सवलत काढूनही घेतली जाते. मानवी हक्कांच्या मुद्द्यावर श्रीलंकेची युरोपातली जादा सवलत (पुढं पाकिस्तानला मिळाली तीच) 2010 मध्ये गेली, ती 2017 मध्ये परत मिळाली. कंबोडियाची 2020 मध्ये काही प्रमाणात गेली. आपल्याकडे झटका आला तो वेगळ्याच वाटेनं: ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं.

सवलत मागणारे आपण, देणारेही आहोत, हे सोलापुरात फारसं बोललं जात नाही. 2011 मध्ये भारतानं बांगलादेशी कपड्यांवरचं मूळ आयात शुल्क उठवलं. टॉवेल आणि चादरीच्या जोडीनं शाळेच्या गणवेशांकडे वळलेल्या आपल्या शिलाई कारखान्यांना ढाक्याचा शर्ट देशातल्याच बाजारात भेटू लागला. मे 2025 मध्ये सरकारनं त्याची खुष्कीची वाट बंद केली. आता तो फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून येतो. मूळ शुल्क मात्र शून्यच आहे.