सुवर्णगिरी ते हट्टी : दोआबातील सोन्याच्या गावाची पार्श्वभूमी

हंपीला निघालेले लातूर, उमरगा, उदगीरकडचे प्रवासी बहुधा कलबुर्गी, शहापूर, सुरपूर या मार्गाने जातात, तिंथणीच्या पुलावरून कृष्णा ओलांडतात आणि लिंगसुगूरला चहापुरते थांबून पुढे मस्कीकडे वळतात. या वाटेवर कर्नाटकच्या रायचूर जिल्ह्यातले हट्टी अगदी हाताशी आहे. देशात आज खडकातून सोने काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेले हे जवळपास एकमेव गाव आहे, तरीही मराठी वर्तमानपत्रांत त्याचे नाव इंग्रजी अक्षरांवरून वाचून ‘हुट्टी’ असे छापले जाते. कानडीत ‘हट्टी’ म्हणजे वस्ती किंवा वाडी. नावातला हा घोळ किरकोळ म्हणून सोडून देता येईल, परंतु ज्या गावाशी आपल्या मराठवाड्याचा १९५६ पर्यंत हैदराबाद या एकाच राज्याचा संबंध होता त्याचे नावही आपल्याला नीट घेता येऊ नये, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला हा दोआब उंच पर्वतांचा प्रदेश नाही. काळ्या रानातून एकदम वर आलेल्या दगडी टेकड्या आणि त्यांच्या अंगावर रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या प्रचंड शिळा, असे तेथील दृश्य आहे. हट्टीपासून मस्कीकडे जाणारा हिरवट, काळपट खडकाचा एक पट्टा या प्रदेशातून वळण घेत गेला आहे. त्या खडकात गारगोटीच्या शिरा आहेत आणि सोने त्या शिरांत आहे. ते डोळ्यांना क्वचितच दिसते. एक टन दगड फोडून, दळून, त्यावर प्रक्रिया केली की हाती लागते ते काही ग्रॅम सोने.

या शिरा आधुनिक काळात सापडल्या असे मानण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात खाण पुन्हा खोल नेली गेली तेव्हा जुन्या लोकांची खोदाई सुमारे ६४० फूट खोलीपर्यंत गेलेली आढळली, आणि तेथे मिळालेल्या लाकडी आधारांचे कार्बन पद्धतीने मोजलेले वय साधारण दोन हजार वर्षे निघाले. पोलादी यंत्रे आणि सुरुंगाची दारू यांतले काहीच हाताशी नसताना इतक्या खोलवर जाण्याची रीत अशी होती : खडकाला लागून लाकडांचा जाळ करायचा, खडक तापला की त्यावर पाणी ओतायचे आणि तडे गेले की घणाने व पाचरीने तो सुटा करायचा. त्या अरुंद, धुराने भरलेल्या जागेत उतरणारी माणसे कोण होती, हे कोणत्याही शिलालेखात नाही. त्यांची खूण राहिली आहे ती जमिनीवर. गारगोटी कुटण्यासाठी उघड्या कातळात पडलेले वाटोळे खळगे या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतात. अशा खळग्यात हात घातला तर आतली बाजू आपल्याकडच्या जुन्या वाड्यातील उखळीसारखी गुळगुळीत लागते.

आता ‘सुवर्णगिरी’ या नावाकडे वळावे लागते, कारण हट्टी-मस्कीच्या प्रत्येक माहितीफलकावर आणि प्रवासवर्णनात ते निःशंकपणे वापरले जाते, आणि तितके निःशंक राहण्यास आधार नाही. मौर्य साम्राज्याच्या दक्षिण प्रांताचे मुख्य ठाणे सुवर्णगिरी होते, एवढे निश्चित आहे. हे नाव येते ते चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी आणि सिद्धापूर येथील अशोकाच्या लेखांत, आणि ते लेख १८९२ मध्ये उजेडात आले. सुवर्णगिरीहून आर्यपुत्र आणि महामात्र, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, हे इसिल या ठाण्यातील महामात्रांचे क्षेमकुशल विचारतात आणि मग राजाची आज्ञा कळवतात, अशी त्यांची सुरुवात आहे. आर्यपुत्र म्हणजे तेथे नेमलेला राजपुत्र, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. परंतु सुवर्णगिरी नेमकी कोठे, हे लेखात सांगितलेले नाही. सांगण्याची गरज तेव्हा कोणालाच नव्हती.

म्हणून तर्क सुरू झाले. एका इंग्रज अभ्यासकाने ही जागा थेट मगधात, राजगीरच्या डोंगरांत नेऊन ठेवली. दक्षिणेकडील अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला मजकूर मगधातील टेकडीवरून का निघावा, याचे समाधानकारक उत्तर त्या मताकडे नव्हते, पण दोआबात तोवर अशोकाचा एकही लेख सापडलेला नव्हता हेही लक्षात घ्यायला हवे. १९१५ मध्ये ही अडचण दूर झाली, आणि तीही सोन्यामुळेच. सोन्याच्या शोधात मस्कीच्या परिसरात फिरणाऱ्या एका इंग्रज खाण अभियंत्याला तेथील डोंगरात कोरलेली अक्षरे दिसली. वाचन झाले तेव्हा पहिल्याच ओळीत ‘देवानंपियस असोकस’ असे निघाले. तोपर्यंत सापडलेल्या लेखांत राजाची ओळख फक्त ‘देवानंपिय पियदसि’ अशी होती. तो पियदसि म्हणजेच अशोक, हे अनुमान मस्कीच्या दगडाने पक्के केले.

त्यानंतर सुवर्णगिरी दोआबातच असावी, या मताला जोर आला. मस्कीच्या दक्षिणेला असलेल्या कनकगिरी गावाचे नाव पुढे करण्यात आले, कारण कनक आणि सुवर्ण यांचा अर्थ एकच. काहींनी मस्कीलाच तो मान दिला. १९३० च्या दशकात निजाम संस्थानातील एका खाण अधिकाऱ्याने जुन्या खाणी, महापाषाणकालीन दफने आणि अशोकाचे लेख यांच्या जागा एकमेकींजवळ येतात हे मांडले, तेव्हा या बाजूचे पारडे आणखी जड झाले. परंतु त्याच सुमारास आंध्रात, कर्नूल भागातील एर्रगुडी येथे अशोकाचे लेख मिळाले होते. तेथून जवळच जोन्नगिरी आहे, तेथेही जुन्या सोन्याच्या खाणी आहेत आणि आपले गाव हीच सुवर्णगिरी असे तेथील लोक सांगतात. अलीकडे जोन्नगिरीत खासगी क्षेत्रातून खाण सुरू करण्याचे काम झाल्यापासून हा दावा अधिक मोठ्या आवाजात केला जातो.

माझे मत असे की केवळ नावाच्या अर्थावरून जागा ठरवणे धोक्याचे आहे. सोन्याशी नाते सांगणारी गावे दक्षिणेत अनेक आहेत. कनकगिरी हे नाव मौर्यकाळापासून अखंड चालत आले असे दाखवता आल्याशिवाय ते पुरावा ठरत नाही. मस्कीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे लेख आहे, १९५४ च्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतची वस्ती दिसली आहे आणि सोन्याचा पट्टा पायाखालीच आहे. तरीही मध्ययुगीन लेखांत या गावाचे नाव ‘मोसंगी’ असे येते, सुवर्णगिरी असे नाही. सुवर्णगिरी याच मुलखात होती असे म्हणता येते, याच गावात होती असे म्हणता येत नाही, आणि फलक लिहिणाऱ्यांनी हा भेद पाळायला हवा.

मधल्या शतकांत दोआबासाठी झालेल्या लढाया वाचकांना परिचित आहेत. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा धागा १८५३ मध्ये सुरू होतो. त्या वर्षीच्या तहाने निजामाने कंपनी सरकारच्या ताब्यात दिलेल्या प्रदेशांत वऱ्हाडाबरोबर रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्ग हे भाग होते. पुढे १८६० मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला आणि दोआब व धाराशिव हे दोन्ही एकदमच संस्थानाकडे परत आले. नळदुर्ग आणि लिंगसुगूर ही सात वर्षे इंग्रजांच्या हाताखालील एकाच हैदराबाद फौजेच्या खर्चापोटी तारण पडलेली ठाणी होती. नळदुर्गचा कारभार पाहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानेच पुढे लिंगसुगूरलाही काम केले.

त्यानंतरचा निर्णय मात्र संस्थानाचा स्वतःचा होता. १८८६ च्या जानेवारीत संस्थानातील खनिजे शोधण्याचा आणि काढण्याचा मक्ता ९९ वर्षांसाठी दोन इंग्रज व्यक्तींना देण्यात आला. त्यांनी त्याच वर्षी लंडनमध्ये कंपनी उभारली. तिचे भांडवल दहा लाख पौंडांचे दाखवण्यात आले, आणि दहा पौंडांच्या एक लाख भागांपैकी (शेअरांपैकी) ८५,००० भाग मक्तेदारांनी मक्त्याचे मोल म्हणून स्वतःकडे पूर्ण भरलेले धरून घेतले. म्हणजे जमिनीखालची संपत्ती संस्थानाची, तिच्यावरचा हक्क लंडनच्या बाजारात विकायला ठेवलेला, आणि प्रत्यक्ष खोदाईला उरणारा पैसा त्या दहा लाखांचा लहानसा हिस्सा. यातले काही भाग पुढे निजाम सरकारच्याच तिजोरीतून चढ्या भावाने विकत घेतले गेले, आणि त्या व्यवहारात मक्त्याच्या बोलण्यांत पुढाकार घेणाऱ्या गृहखात्यातील बड्या अधिकाऱ्याचा स्वतःचा फायदा होता असे उघड झाले. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने याची चौकशी केली आणि त्या अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. मक्ता मात्र कायम राहिला.

या प्रकरणाचे समर्थन करणारे सांगतात की संस्थानाकडे खाणविद्या नव्हती, आणि सिंगरेणीचा कोळसा याच कंपनीने बाहेर काढला. कोळशाविषयीचे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ज्या तिजोरीतून ते भाग विकत घेतले गेले ती शेतसाऱ्यावर भरत होती, आणि तो सारा भरणाऱ्यांत परभणी, बीड, नांदेडचे कुणबीही होते. त्यांना या व्यवहाराची वार्ताही नव्हती. ९९ वर्षे ही मुदत कोणत्या हिशेबाने धरली गेली, याचे पटेल असे कारण मला आजवर कोठे वाचायला मिळालेले नाही.

दोआबात आधी वंदली येथे काम झाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हट्टीची खाण नीट चालू झाली. दगड दळून सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवण्याची पद्धत १८८७ मध्ये निघाली होती. तिच्यामुळे जुन्या लोकांना परवडला नसता असा हलक्या प्रतीचा दगडही उपयोगाचा ठरला. हे काम १९२० मध्ये थांबले. त्याच वर्षी लंडनच्या कंपनीचा कोळसा व्यवसाय नव्या सिंगरेणी कंपनीकडे गेला. कोळसा पुढे चालत राहिला आणि हट्टीच्या खाणीत उतरण्याच्या उभ्या विहिरींत पाणी भरले. १९३७ मध्ये संस्थान सरकारने पुन्हा तपासणी हाती घेतली, १९४७ मध्ये ‘हैदराबाद गोल्ड माइन्स’ या नावाने कंपनी नोंदली गेली आणि १९४८ मध्ये उत्पादन सुरू झाले.

ही दोन वर्षे मराठवाड्याला वेगळ्या कारणाने आठवतात. भारताशी झालेल्या नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर लवकरच निजाम सरकारने मौल्यवान धातू भारतात नेण्यास बंदी घातली आणि संस्थानात भारतीय चलन चालणार नाही असे जाहीर केले. हाली सिक्क्यावर, म्हणजे स्वतःच्या चलनावर, अडून बसलेल्या त्या सरकारला स्वतःच्या भूमीतील सोन्याचे महत्त्व किती वाटत असेल, हे सांगायला कागदपत्र धुंडाळण्याची गरज नाही. सीमेवरच्या छावण्यांतून आपले तरुण संस्थानात ये-जा करत होते, त्याच काळात हट्टीच्या विहिरीतून पुन्हा दगड वर येऊ लागला होता. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या इतिहासलेखनात हट्टीचा उल्लेख सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण संस्थानाची आर्थिक बाजू पाहिल्याशिवाय त्याचा हट्ट पुरता कळत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. रायचूर, गुलबर्गा आणि बीदर जिल्हे म्हैसूरकडे गेले, बीदरमधून उदगीर, अहमदपूर व निलंगा तालुके आपल्याकडे आले. भाषेच्या न्यायाने ही विभागणी योग्यच होती. जमिनीला लागून असलेली खाण ज्या राज्यात जमीन त्या राज्याची झाली, आणि कंपनीच्या नावातले ‘हैदराबाद’ जाऊन ‘हट्टी’ आले. याचा परिणाम असा झाला की आपल्याकडील पुढच्या पिढ्यांनी सोन्याची खाण म्हणजे कोलार एवढेच पाठ केले. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद पडली. त्यानंतर देशातील खाणीतल्या सोन्याचा मोठा भाग हट्टीतूनच येतो. हे प्रमाण वर्षाला सुमारे दीड टन आहे. देशाच्या मागणीपुढे तो आकडा फार लहान आहे, परंतु त्यासाठी माणसे आजही अडीच हजार फुटांहून खोल उतरतात.

हट्टी पाहायला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की ते संग्रहालय झालेले गाव नाही. खाण चालू आहे, पाळीचा भोंगा होतो, आणि भूगर्भात उतरणे पूर्वपरवानगीशिवाय शक्य नाही. बाहेरून दिसतात ते विहिरींवरचे लोखंडी मनोरे, कामगारांची वसाहत आणि दळून सोने काढून घेतलेल्या राखी भुकटीचे प्रचंड ढिगारे. या ढिगाऱ्यांत लंडनच्या कंपनीने काढलेला दगड आहे, निजामाच्या काळातला आहे आणि आत्ताचाही आहे. मस्कीचा लेख मात्र गावालगतच्या डोंगरातच आहे. शक्यतो सकाळी जावे. ऊन तिरपे असताना खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि ब्राह्मी न येणाऱ्यालाही अक्षरे एकेक सुटी दिसू लागतात.